केमचे कुंकू आणि मंगलकार्याचा कागद

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी दौंड ओलांडून भीमेच्या खोऱ्यातून आग्नेयेकडे वळते, जेऊर आणि भाळवणी ही स्थानके मागे टाकते, आणि कुर्डुवाडीच्या गजबजलेल्या जंक्शनापाशी पोहोचण्यापूर्वी ज्या एका बेताच्या स्थानकावर क्षणभर विसावते, ते केम. करमाळा तालुक्यातील हे गाव भीमा आणि सीना या दोन नद्यांमधल्या पठारावर वसलेले आहे. पर्जन्याची कृपा या मुलखावर कधीच उदंड नव्हती. जमीन बहुतांश कोरडवाहू, पीक मुख्यतः ज्वारीचे, आणि गावाचे वैभव म्हणावे असे काही असेल तर ते उत्तरेश्वराचे देवालय. अशा अवर्षणग्रस्त टापूतील गावाचे नाव महाराष्ट्रभरच्या देवघरांत ऐकू यावे, याचे कारण शेतात नाही, कारखान्यांत आहे. केम हे कुंकवाचे गाव आहे. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट या क्षेत्रांच्या बाजारांत परातींतून शिगोशीग रचलेले जे लालभडक डोंगर यात्रेकरूंच्या दृष्टीस पडतात, त्यांतील पुष्कळसा माल याच गावच्या गिरण्यांतून दळून निघालेला असतो.

तथापि या लेखाचा विषय कुंकवाइतकाच कागदाचाही आहे. मंगलकार्याचे निमंत्रण, गौरी-गणपतीची आरास, नवऱ्या मुलाचे बाशिंग, रुखवताची मांडणी, या सर्वांत आपल्या समाजाने जी कागदाची कारागिरी शतकानुशतके जोपासली, तिचा इतिहास कोणी स्वतंत्रपणे लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही; आणि तो लिहावयाचा तर केमच्या कुंकवापासून आरंभ करणे सोयीचे आहे, कारण कचेरीच्या आणि दुकानाच्या कोरड्या कागदाला घरात प्रवेश मिळाला तो कुंकवाच्या बोटाने मिळाला, असे माझे मत आहे.

कुंकू मुळात हळदीचेच रूपांतर. जुन्या रीतीप्रमाणे हळकुंडे लिंबाच्या रसात टाकणखारासह मुरवावयाची, अधूनमधून हलवून त्यांत लाल रंग आतपर्यंत उतरू द्यावयाचा, मग ती सावलीत खडखडीत वाळवून, कुटून वस्त्रगाळ करावयाची. हळदीचा पिवळा रंग खाराच्या आणि आम्लाच्या संयोगाने लाल होतो, ही रसायनशास्त्राची गोष्ट आपल्या आज्या-पणज्या कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय जाणत होत्या. आज बाजारात जे मिळते ते सगळेच अशा रीतीने केलेले असते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पिठूळ भुकटीला रंग देऊन केलेला माल स्वस्त पडतो आणि यात्रेच्या बाजारात स्वस्ताईला मान असतो. केमच्या भरभराटीत रेल्वेचा वाटा मोठा दिसतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा दिकसळपासून बार्शी रोडपर्यंतचा, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंतचा, लोहमार्ग 1859 साली खुला झाला आणि केम त्याच वाटेवर पडले. पुढे बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1906 मध्ये पंढरपुरास, 1911 मध्ये लातुरास आणि 1927 मध्ये मिरजेस पोहोचली, तेव्हा एका बाजूस विठ्ठलाची यात्रा आणि दुसऱ्या बाजूस सांगली-मिरजेकडचा हळदीचा बाजार, दोन्ही कुर्डुवाडीच्या टप्प्यात आले.

आता हे कुंकू गिऱ्हाइकाच्या हाती पडते कसे, ते पाहिले म्हणजे आपण कागदापाशी येतो. पिशव्या आणि डब्या सर्रास होण्यापूर्वी कुंकू पुडीत मिळे. पूजेच्या सामानाच्या दुकानदाराने पुडी बांधताना पाहिले आहे त्याला ठाऊक असेल की ते हस्तकौशल्य काही सामान्य नव्हे. कागदाचा चौकोनी तुकडा कर्णावर दुमडून त्रिकोण करावयाचा. त्रिकोणाचे डावे-उजवे कोपरे एकावर एक आणून पोटाशी खिसा साधावयाचा. खिशात चमच्याने कुंकू सोडून, वर उरलेले टोक नखाने चेपून आतल्या घडीत खोचावयाचे. डिंक नाही, दोरा नाही, आणि तरी ती पुडी ओच्यात बांधून यात्रेकरीण चार कोस चालली तरी कणभर कुंकू सांडत नाही. ज्या कागदाची ही पुडी होई तो बहुधा रद्दीचा: जुन्या खतावणीचे पान, मुलांच्या वहीचा कागद, वर्तमानपत्राचा तुकडा. सावकाराच्या येण्याबाकीचे आकडे ज्या पानावर आहेत त्याच पानात सौभाग्यद्रव्य बांधून यावे, यात कोणाला विसंगती वाटत नसे.

ही विसंगती का वाटत नसे, याचे उत्तर मराठी मुलखातील कागदाच्या पूर्वेतिहासात आहे. आपल्याकडे कागद आला तोच मुळी राज्यकारभाराच्या मागोमाग. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, हलविली. तेथून जवळच, खुलताबादेच्या वाटेवर, कागजीपुरा नावाचे गाव आहे, आणि तेथील कागदी घराणी आपली परंपरा त्याच काळापर्यंत नेऊन भिडवितात. दुसरे मोठे ठिकाण जुन्नर. जुन्नरी कागद पेशव्यांच्या दफ्तरात रुमालच्या रुमाल भरून आजही पाहावयास मिळतो. पुण्यात कसबा पेठेच्या परिसरात कागदीपुरा वसला तो पेशवाईच्या गरजेतून. हे कागदी बहुतेक मुसलमान. त्यांच्या हातच्या कागदावर हिंदू राजांच्या सनदा, देवस्थानांची इनामपत्रे आणि ब्राह्मणांची पंचांगे लिहिली गेली, आणि याबद्दल त्या काळी कोणी सोवळ्या-ओवळ्याचा बाऊ केल्याचे ऐकिवात नाही. आपल्या लोकांचे सोवळे सोयीपुढे नेहमीच शहाणपणाने नमते घेत आले आहे.

तो कागद कसा होई? तागाची जुनी पोती, झिजलेली दोरखंडे आणि रद्दी कागद यांचे बारीक तुकडे करून ते चुन्याच्या निवळीत दिवसचे दिवस भिजत ठेवीत. मग पायाने चालविण्याच्या जड लाकडी ढेकीखाली त्यांचा लगदा कुटीत, नदीवर नेऊन धूत, पुन्हा खार घालून पुन्हा कुटीत. पांढरा, मऊ लगदा जमिनीत बांधलेल्या हौदात पाण्याशी कालविला की कागदी हौदाच्या काठाशी बसून गवताच्या काड्यांची बारीक चटई पाण्यात तिरपी सोडी, आडवी करून वर उचली, आणि चटईवर लगद्याचा जो पातळ थर राही तो उलटा करून आधीच्या थरावर निजवी. चटई उचलताना मनगटाला दोन दिशांनी जो हलका झोका द्यावा लागतो, त्यावर कागद समान जाडीचा होणे न होणे अवलंबून असते. थराथरांचा ढीग दाबून पाणी काढले की ओले ताव घराच्या गिलावा केलेल्या भिंतींवर चिकटवून वाळवीत. वाळलेल्या तावाला तांदळाच्या पिठाची खळ द्यावयाची आणि ती सुकल्यावर तो पाटावर ठेवून गुळगुळीत गारेच्या दगडाने घोटावयाचा, इतका की बोरूची शाई त्यावर फुटता कामा नये. घोटलेल्या कागदाचा स्पर्श हा एक निराळाच अनुभव आहे. दोनशे वर्षांपूर्वीची रोजकीर्द उलगडली तर पानाला अद्याप करकरीतपणा असतो, आणि गेल्या पिढीतील गिरणीच्या कागदावरची पत्रे मात्र घडीवर तुटून हातात येतात.

या कागदाला खानदान होते. सरदार-दरकदारांच्या पत्रासाठी एक, हिशेबासाठी दुसरा, कच्च्या टिपणासाठी तिसरा. राजेरजवाड्यांच्या पत्रव्यवहारासाठी सोनेरी कण उडविलेला अफशानी कागद, आणि तो किनखापाच्या खलित्यात घालून पाठवावयाचा. दरबारी थाटाचे हातचे कार्ड कोणी शोधावयाचे तर ते येथे सापडते. परंतु रयतेच्या घरी लग्नमुंजीचे निमंत्रण कागदावर जात नसे. ते अक्षतांनी जाई. कुंकू लावलेले तांदूळ घेऊन घरचा माणूस किंवा उपाध्याय दारी येई, तांदळाचे चार दाणे आणि सुपारी ठेवी, आणि तिथी-मुहूर्त तोंडी सांगे. पहिली अक्षत ग्रामदेवतेला आणि कुलदैवताला. सवाई माधवरावाच्या 1783 मधील लग्नासाठी नाना फडणिसाने केलेली व्यवस्थेची तपशीलवार यादी प्रसिद्ध आहे. तेवढा कागद एका लग्नात खर्ची पडावा हे पेशव्यांनाच शोभणारे. सामान्य कुटुंबात कागद होता तो कुलकर्ण्याच्या दफ्तरात, आणि कुलकर्ण्याचा कागद घरी आला की घरच्यांचे काळीज धडधडत असे.

मग मंगलकार्यात कागद शिरला कोठून? माझ्या समजुतीप्रमाणे मागच्या दाराने, रद्दीच्या रूपाने. उपयोग संपलेला जाड देशी कागद खळीने एकावर एक चिकटवून त्याचा पुठ्ठा करावयाचा, आणि पुठ्ठ्यावर रंग, बेगड आणि जिल्हई चढवून त्याचे मखर, प्रभावळ किंवा बाशिंग करावयाचे, ही विद्या जिनगर आणि तत्सम हुन्नरी लोकांपाशी होती. सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी थर चिकटवण्याच्या याच विद्येवर चिंचोक्याची खळ आणि लाखेचे लुकण यांची जोड देऊन दशावतारी गंजिफांची 120 गोल पाने सिद्ध केली. आमच्या देशावर ती नजाकत आली नाही, येथे काम भडक आणि ठसठशीत. पंढरपुराकडे बाशिंगे होत ती भेंडाच्या गाभ्याची आणि रंगीत कागदाची. नवरदेवाच्या कपाळावर जे तकतकते, त्याच्या पाठीमागे एखादे वेळी जमाखर्चाचे पान असावयाचे. मोहरमचे ताबूत हा तर कागदकामाचा कळस. वेळूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पांढऱ्या कागदाचे आवरण, आवरणावर घडी घालून कातरलेल्या जाळ्या, कमानी, कंगोरे आणि बेगडाच्या टिकल्या. सोलापूर जिल्ह्यात ताबुतांपुढे नवस बोलणारे आणि डोल्यांखालून मुले काढणारे हिंदू कमी नव्हते, आणि या कामाची नजर त्यांच्याकडून सहजच मखरांकडे आणि पुढे 1893 पासून सार्वजनिक झालेल्या गणेशोत्सवाच्या आराशींकडे वळली असली तर त्यात नवल नाही. कामट्यांच्या सांगाड्यावर पतंगी कागद ताणून केलेला दिवाळीचा आकाशकंदील, त्याच्या करंज्या आणि खालच्या झिरमिळ्या, ही त्याच कुळातील वस्तू आहे.

खळीविषयी दोन शब्द अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण या सर्व कलेचा जीव खळीत आहे. मैदा किंवा कणीक थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावयाची, मंद आंचेवर सतत ढवळावयाची, आणि ती दुधाळ होती ती चकचकीत, पारदर्शक दिसू लागली की उतरवावयाची. उतरविण्याआधी चिमूटभर मोरचूद टाकावयाचा, म्हणजे झुरळे आणि कसर कागद खात नाहीत. खळ पातळ झाली तर पतंगी कागद भिजून फाटतो. दाट झाली तर वाळल्यावर तडकते. पताकांचा दोरा खळीतून काढून त्यावर त्रिकोणी कागद दुमडीत जाणाऱ्या मुलांची बोटे निळसर होत, आणि त्या बोटांनी फराळाला हात लावला म्हणून मार बसे, तो योग्यच होता. मोरचूद विषारी आहे.

निमंत्रणाच्या कागदाचा खरा काळ सुरू झाला टपालाने. इंग्लंडात 1843 साली हेन्री कोल याने नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र काढविले, ते त्या देशात स्वस्त टपाल सुरू झाल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी; आपल्याकडे पाव आण्याचे पोस्टकार्ड 1879 मध्ये आले आणि त्याने तेच कार्य अधिक गरिबीने केले. एका पैशात लग्नाची बातमी केमहून मुंबईच्या गिरणगावात जाऊ लागली. घरच्या लिहित्या माणसाने मोडीत किंवा बाळबोधीत दहा-वीस कार्डे लिहावयाची, माथ्यावर श्री काढावयाची, आणि मग घरातील सवाष्णीने पाण्यात किंवा तेलात कालविलेल्या हळद-कुंकवाची बोटे प्रत्येक कार्डाच्या चारी कोपऱ्यांना टेकवावयाची, हा क्रम ठरून गेला. सरकारने विक्रीस काढलेल्या, राणीचे मुखकमल मिरविणाऱ्या त्या पिवळट पुठ्ठ्याचे मंगलपत्र झाले ते या चार बोटांनी. त्याच्या उलट, मृत्यूची वार्ता नेणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असे. पोस्टमनाने असे कार्ड हाती दिले की ते उंबऱ्याबाहेरच वाचून तेथेच फाडून टाकीत. अक्षरे न वाचता येणाऱ्या घरीही कागदाचा कोपरा वाचता येत होता.

यानंतरचा पन्नास वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येतो. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने 1869 पासून मराठी-संस्कृत मुद्रणाला जे सौष्ठव दिले, त्याचा प्रभाव पुढे गावोगावच्या छोट्या छापखान्यांवर पडला. कुंकुमपत्रिका छापून मिळू लागल्या, वर गणपती, खाली आप्तेष्टांची नामावळ. रविवर्म्याच्या 1894 मध्ये सुरू झालेल्या शिळाछापखान्याने लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोहोचविल्या, आणि हौशी स्त्रियांनी त्या तसबिरींवर जर, टिकल्या आणि खरे वस्त्र चिकटवून त्यांना नटविले. गिरणीचा कागद स्वस्त झाला. मुंढव्यास कागदगिरणी निघाली, तुरुंगांत कैद्यांकडून कागद करवून घेण्यात येऊ लागला, आणि जुन्नरच्या व पुण्याच्या कागद्यांचे हौद एकामागून एक कोरडे पडत गेले.

पुरुषांचा हा धंदा बसत असतानाच स्त्रियांच्या हाती कागदाची कला बहरली, ही गोष्ट इतिहासकारांनी दुर्लक्षिली आहे. चैत्रगौरीचे हळदीकुंकू घ्या. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, माथ्यावर गौर, खाली कलिंगडाची कातरलेली कमळे, आंब्याची डाळ आणि पन्हे, आणि भोवती घरी केलेली कागदी फुले, पंखे, कातरकामाच्या झालरी. शेजारणीची आरास पाहून येऊन आपली रातोरात बदलणाऱ्या गृहिणी प्रत्येक आळीत असत. पंगतीत पाटासमोर रांगोळीची महिरप काढीत, तिला पर्याय म्हणून कागदाची, मण्यांची महिरप आली ती रांगोळी पुसली जाते म्हणून. एकदा केली की ती नैवेद्याच्या ताटापुढे वर्षभर पुरते. संक्रांतीस लहान मुलांना आणि नव्या सुनांना हलव्याचे दागिने घालतात, त्यांतही पायाशी पुठ्ठाच असतो: बाजूबंदाचा, मुकुटाचा, तन्मणीच्या पदकाचा आकार कातरून त्यावर सोनेरी कागद चढवावयाचा आणि दोऱ्यात गुंफलेला काटेरी हलवा त्यावर शिवावयाचा. पाकिटातून पाठविण्याच्या तिळगुळाच्या शुभेच्छापत्रासोबत हलव्याचे चार दाणे चिमुकल्या पुडीत जात, आणि टपालाचा शिक्का नेमका तिच्यावर पडून त्यांचे पीठ होई.

रुखवत मात्र या सर्वांचे शिरोमणी. मुलीकडच्यांनी वरपक्षासाठी मांडावयाच्या फराळाच्या ताटांभोवती शोभा म्हणून जे कागदकाम आले, त्याने हळूहळू मेज व्यापले आणि फराळाला कोपऱ्यात ढकलले. कागदाचे तुळशीवृंदावन, सप्तपदीची पावले, पालखी, बैलगाडी, विहिरीवरचा रहाट. नवरीच्या मैत्रिणी, मावश्या आणि चुलत्या महिना महिना खपून हे करीत. नवऱ्या मुलीचे हस्तकौशल्य दाखविण्याचा हा प्रकार, परंतु तिच्या हातचे त्यात किती आणि मावशीच्या हातचे किती, याची चौकशी करण्याइतके अरसिक व्याही क्वचितच भेटत. लग्न आटोपले की हे सर्व वरपक्षाच्या माळ्यावर जाई आणि पुढच्या पावसाळ्यात त्याची वाट लागे. ज्या कलेच्या वस्तू जपून ठेवण्यासाठी केलेल्याच नसतात, तिचा इतिहास संग्रहालयात सापडावा कसा? दफ्तरांतील कागद वारसा-हक्काच्या तंट्यांसाठी जपला गेला. मंगलकार्याचा कागद चार दिवस मिरवून केराच्या टोपलीत गेला.

हातकागदाला पुन्हा बरे दिवस दाखविण्याचा प्रयत्न गांधीजींच्या प्रेरणेने झाला. वर्ध्यास 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, आणि पुण्यात के. बी. जोशी यांच्या परिश्रमाने 1940 मध्ये हातकागद संस्था उभी राहिली. तिचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. सुती चिंध्यांपासून केलेला तिथला जाडसर, कडांना खरखरीत कागद संस्थेच्या शिवाजीनगरातील वास्तूत अनेक पिढ्यांनी घेतला, आणि शुभेच्छापत्रे, लग्नपत्रिका, पाकिटे यांसाठी तो विशेष प्रिय झाला. लगद्यात फुलांच्या पाकळ्या, गवत, तागाचे धागे मिसळून केलेले ताव पाहिले की वाटते, अफशानी कागदातील सुवर्णकण जाऊन त्यांच्या जागी बागेतला पाचोळा आला, आणि किंमत फारशी उतरली नाही.

केमच्या गिरण्या आज पूर्वीपेक्षा अधिक माल काढतात. पुडी गेली, प्लास्टिकच्या पिशव्या आणि डब्या आल्या. पत्रिकाही पालटल्या: आर्ट पेपर, सोनेरी मुद्रण, लॅमिनेशन, आणि कोपऱ्यात छापखान्यानेच उमटवलेले तांबडे-पिवळे बोट. चकचकीत कागदावर ओले कुंकू धरत नाही. वाळले की त्याचा पापुद्रा निघतो आणि पाकीट लाल होते, अशी तक्रार छापखानेवाले आणि यजमान दोघेही करतात. खरखरीत कागद शोषून घेतो, तुळतुळीत कागद घेत नाही, हा धर्म बदलता येण्यासारखा नाही. तेव्हा काही घरांत वडीलधाऱ्या बायका पत्रिका उलटून पाहतात, मागल्या बाजूस किंवा पाकिटाच्या आत कोरा कागद कोठे उरला आहे ते शोधतात, आणि अनामिकेने तेथे बोट लावून ती पुढच्या गठ्ठ्यावर ठेवतात.